रिपोर्ट निगेटिव्ह, तरी झोप नाही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या कोपरखैरण्याच्या इमारतीतला एक तरुण रात्री साडेदहा वाजता दार वाजवून आत आला. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये एका गाळ्यावर हिशेब लिहिणारा, साताऱ्याकडचा मुलगा. "काका, जरा बोलायचं होतं," म्हणाला आणि खिशातून घडी घातलेले तीन कागद काढून त्यानं माझ्यापुढे ठेवले. तीन वेगवेगळ्या लॅबचे एचआयव्हीचे रिपोर्ट. तिन्ही निगेटिव्ह. मी म्हणालो, "अरे, मग पेढे दे की!" तर तो रडायलाच लागला.

हकीकत थोडक्यात अशी. बायको बाळंतपणासाठी माहेरी गेली असताना मित्रांच्या संगतीनं तो एकदा पैसे देऊन एका बाईकडे गेला होता. निरोध वापरला होता. तो फाटला नव्हता, निसटलाही नव्हता. पण आठ दिवसांनी घसा दुखला, अंगात कणकण आली आणि मनात पाल चुकचुकली. तेव्हापासून झोप उडाली. आरशासमोर जबड्याखालच्या गाठी चाचपायच्या, दर दोन दिवसांनी वजन करायचं, रात्री पांघरुणात मोबाइलवर लक्षणं वाचायची. बायको बाळाला घेऊन परत आली, तर यानं स्वतःचा टॉवेल-साबण वेगळा केला. लेकीचा पापा घेणं सोडलं. बायकोला वाटलं, मुलगी झाली म्हणून नवरा रुसला.

मी कविता लिहिणारा माणूस, डॉक्टर नव्हे. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सरकारी रुग्णालयातल्या तपासणी केंद्रात समुपदेशक बाईंकडे गेलो. त्या दिवशी जे समजलं आणि पुढे मी जे वाचलं, ते आज तुम्हाला सांगतो.

हा विषाणू रक्त, वीर्य, योनिस्राव आणि आईचं दूध यांतून पसरतो. घाम, थुंकी, टॉवेल, साबण, एका ताटात जेवणं किंवा डास यांतून तो पसरत नाही. उपचार न घेणाऱ्या बाधित स्त्रीशी पुरुषाचा निरोधाविना एकदा संबंध आला, तर त्या एका वेळी लागण होण्याचा अंदाज दहा हजारांत सुमारे ४ इतका धरतात. निरोध नीट वापरला असेल तर धोका याहून पुष्कळच कमी होतो. याचा अर्थ बेफिकीर राहावं असा नाही. जननेंद्रियावर जखम किंवा दुसरा गुप्तरोग असेल तर धोका वाढतो, आणि ज्याला लागण होते त्याच्यासाठी आकडेवारी संपलेली असते. खरोखरच धोक्याचा प्रसंग घडला, तर ७२ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं, डॉक्टरांकडे जावं. २८ दिवसांच्या गोळ्यांनी लागण टाळता येऊ शकते.

आता तपासणी. लागण झाल्याबरोबर ती रक्तात दिसत नाही. त्या मधल्या काळाला विंडो पिरिअड म्हणतात. प्रयोगशाळेतली नवी चाचणी बहुधा ४५ दिवसांत खात्रीचं उत्तर देते. बोटातून रक्त घेऊन करतात त्या साध्या चाचणीसाठी ९० दिवस धरतात. आमच्या तरुणाचा शेवटचा रिपोर्ट चार महिन्यांनंतरचा होता. बाई म्हणाल्या, "तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं आहे. चौथी तपासणी करू नका."

"पण मग घसा? ताप? घटलेलं वजन?" त्यानं विचारलं. नवी मुंबईच्या पावसाळ्यात घसा आणि ताप कोणत्या घरात नसतो? आणि जो जेवत नाही, झोपत नाही, त्याचं वजन घटणारच. धडधड, जुलाब, रात्रीचा घाम हे सगळं नुसत्या भीतीनंही होतं. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ते उगीच नाही.

मग बाईंनी शांतपणे विचारलं, "या रिपोर्टमध्ये तुम्ही नेमकं काय शोधताय?" तो बराच वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, "मॅडम, मला शिक्षा व्हायलाच पाहिजे होती."

खरी गाठ तिथं होती. केलेल्या कृत्याची टोचणी रक्ताच्या तपासणीत दिसत नाही, म्हणून कितीही रिपोर्ट आणले तरी ती जात नाही. आमच्यात नमाजापूर्वी वजू करतात, म्हणजे हात, तोंड, पाय धुतात. एखाद्याला शंका येते, कोपर कोरडं तर राहिलं नाही? तो पुन्हा धुतो. पुन्हा शंका. इकडे नमाज संपते, तरी हा नळावरच. याला वसवसा म्हणतात. जाणते मौलवी त्याला आणखी पाणी देत नाहीत. शंकेकडे लक्ष देऊ नकोस, नमाजाला उभा राहा, असं सांगतात. सोवळ्याओवळ्याच्या घरांतही असे हात धुणारे तुम्ही पाहिले असतील. मानसोपचारतज्ज्ञांचंही सांगणं तेच आहे. प्रत्येक नवी खातरजमा घटकाभर दिलासा देते आणि शंकेला खतपाणी घालते.

या भीतीला इतिहासही आहे. १९८६ साली चेन्नईत भारतातले पहिले बाधित आढळले. तेव्हा औषध नव्हतं, आणि पुढची कित्येक वर्षं एड्स म्हणजे मरण, हेच आपल्या मनावर ठसलं. त्यानंतर बरंच बदललं. १ एप्रिल २००४ पासून सरकारनं मोफत औषधं सुरू केली. २०११ साली जाहीर झालेल्या, पुण्याचाही सहभाग असलेल्या नऊ देशांतल्या संशोधनानं दाखवलं, की लवकर उपचार घेणाऱ्या बाधिताकडून जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी होते. औषधानं रक्तातला विषाणू सापडेनासा झाला, तर शरीरसंबंधातून लागण होतच नाही, हेही पुढे सिद्ध झालं. म्हणजे उद्या रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तरी नियमित औषध घेऊन माणूस संसार करू शकतो.

तेव्हा शंका असेल तर योग्य वेळी एकदा तपासणी करा. सरकारी केंद्रात ती मोफत होते, आणि २०१७ च्या कायद्यानं तुमची संमती व गुप्तता यांना संरक्षण आहे. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे. रिपोर्ट आल्यावरही मन थाऱ्यावर येत नसेल, तर लॅब बदलू नका, मनाच्या डॉक्टरांकडे जा. त्यासाठी १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

आमचा तरुण काही महिने समुपदेशनाला जात होता. बायकोला त्यानं काय सांगितलं, ते मी विचारलं नाही. तो त्या दोघांचा हिशेब. पण एका रविवारी तो लेकीला कडेवर घेऊन जिना उतरताना दिसला. तिनं त्याचा गाल ओला केला होता आणि त्यानं तो पुसला नव्हता.