सहीआधी आठवं पान वाचलंत का?

आमच्या ग्रुपमधली एक मैत्रीण गाणी लिहिते. तिनं एकांकिकेसाठी लिहिलेलं एक गाणं ऐकून मागच्या महिन्यात एका वेब सीरिजवाल्यांचा फोन आला. पाच हजार रुपये, 'क्रेडिटचं बघू' आणि नऊ पानी इंग्रजी ॲग्रीमेंट. 'उद्यापर्यंत सही करून पाठव.' तिनं लगेच आम्हाला वडापावची पार्टी दिली. ॲग्रीमेंटच्या आठव्या पानावर लिहिलं होतं : सर्व हक्क, जगभरासाठी, कायमचे.

तुम्ही लिहीत असाल, चाली लावत असाल, तर असा कागद कधी तरी तुमच्याही समोर येणार आहे.

आपल्याला भीती असते ती भलतीच. 'माझी आयडिया कुणी ढापली तर?' पण नुसत्या आयडियावर कॉपीराइट नसतोच! १९५६ साली 'न्यू दिल्ली' हा हिंदी सिनेमा आला. पंजाबी आणि तमिळ कुटुंबं, मुलामुलीचं प्रेम, प्रांतवादामुळे विरोध. ही आपल्या 'हम हिंदुस्तानी' नाटकाची कॉपी आहे, असं म्हणत नाटककार आर. जी. आनंद कोर्टात गेले. सुप्रीम कोर्टापर्यंत लढले आणि १९७८ मध्ये हरले. विषय कुणाच्याच मालकीचा नसतो, तो मांडलाय कसा ते बघायचं, असं कोर्टाचं म्हणणं. म्हणजे टपरीवर मित्रांना ऐकवलेली वनलाइन तुमची राहीलच असं नाही. लिहून काढलेला सीन मात्र लिहिल्या क्षणापासून तुमचा. नोंदणीची सक्तीही नाही.

तो हातातून जातो, तो बहुतेक वेळा आपल्याच सहीनं. हिंदी सिनेमात कित्येक गीतकार-संगीतकार एकरकमी पैसे घेऊन मोकळे व्हायचे. पुढे गाण्याची रिंगटोन होवो नाही तर जाहिरात, कमाई कंपनीची. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत हा विषय लावून धरला आणि २०१२ मध्ये कायदा बदलला. आता सिनेमातलं गाणं थिएटरबाहेर वापरलं गेलं, की रॉयल्टीत गीतकार-संगीतकाराचा समान वाटा असतो. तो कंपनीला लिहून दिला, तरी ते कलम रद्दबातल. 'झिंगाट'च आठवा ना. २०१६ ला 'सैराट', मग कन्नड रिमेक, मग 'धडक'. एक चाल किती फिरते!

आता आठव्या पानाकडे या. करारात मुदतच लिहिली नसेल, तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल, तर फक्त भारत. म्हणून तर कंपन्या 'जगभरासाठी, कायमचे' हे शब्द न विसरता टाकतात. हक्क विकले तरी 'हे मी लिहिलंय' असं सांगण्याचा अधिकार तुमच्याकडेच राहतो, त्यामुळे 'क्रेडिटचं बघू' ऐकून गप्प बसू नका. नोकरीत, पगारावर लिहिलेलं मात्र साधारणपणे मालकाचं. (मी इथे इंटर्न आहे. या लेखाचं काय, हे अजून संपादकांना विचारलेलं नाही.)

मैत्रिणीनं शेवटी मेल केला : मुदत पाच वर्षं करा, टायटलमध्ये नाव द्या. चार दिवस झाले, उत्तर नाही. कालपासून ती आमच्याकडे वडापावचे पैसे परत मागतेय.