गेम कन्सोल व गेमिंग संगणक

गेम कन्सोल व गेमिंग संगणक : दूरचित्रवाणी संचास जोडून दृश्यखेळ खेळण्याकरिता खास बनविलेल्या संगणकीय उपकरणास गेम कन्सोल म्हणतात. सर्वसाधारण व्यक्तिगत संगणकात शक्तिशाली ग्राफिक्स कार्ड बसवून त्याच कामासाठी सिद्ध केलेल्या संगणकास गेमिंग संगणक म्हणतात. दोहोंतील मूलघटक आता बहुतांशी सारखेच असतात. खरा भेद त्यांच्या जुळणीत आणि उष्णतेशी त्यांच्या होणाऱ्या वर्तनात आहे. मराठवाड्यातील बीडसारख्या उष्ण जिल्ह्यात हा दुसरा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो.

मापन : यंत्राचे कार्यमान मुख्यतः दर सेकंदास पडद्यावर उमटणाऱ्या चित्रांच्या संख्येवरून ठरवितात. सेकंदास ६० चित्रे हवी असल्यास प्रत्येक चित्र सु. १६·७ मिलिसेकंदांत तयार व्हावे लागते. १,९२० × १,०८० बिंदूंच्या चित्रात सु. २०·७ लाख, तर ३,८४० × २,१६० बिंदूंच्या चित्रात सु. ८२·९ लाख बिंदू असतात. म्हणजे काम जवळजवळ चौपट होते. यंत्राची कमाल गणनक्षमता टेराफ्लॉप ह्या एककात देतात. एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदास एक लक्ष कोटी गणितक्रिया होत.

रचना : भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये विक्रीस आलेल्या प्लेस्टेशन ५ ह्या कन्सोलची आरंभीची किंमत ४९,९९० रुपये होती. त्यात आठ गाभ्यांचा मुख्य प्रक्रियक आणि ३६ गणन-एककांचा चित्रप्रक्रियक एकाच चकतीवर असून चित्रप्रक्रियकाची कमाल क्षमता १०·२८ टेराफ्लॉप आहे. एक्सबॉक्स सिरीज एक्स (२०२०) ह्या कन्सोलची क्षमता सु. १२ टेराफ्लॉप आहे. २०२१ सालीच आलेल्या आरटीएक्स ३०६० ह्या मध्यम प्रतीच्या ग्राफिक्स कार्डाची कागदोपत्री क्षमता सु. १२·७ टेराफ्लॉप भरते; परंतु त्याच्या स्मृतीचा वेग सेकंदास ३६० गिगाबाइट, तर प्लेस्टेशन ५ मधील स्मृतीचा ४४८ गिगाबाइट आहे. शिवाय निरनिराळ्या घडणीच्या प्रक्रियकांत एका टेराफ्लॉपमागे पदरात पडणारे प्रत्यक्ष काम सारखे नसते. म्हणून केवळ ह्या आकड्यावरून श्रेष्ठता ठरविणे दिशाभूल करणारे असते.

कन्सोलमध्ये १६ गिगाबाइट स्मृती दोन्ही प्रक्रियकांना सामाईक असते. संगणकात मुख्य स्मृती व ग्राफिक्स कार्डाची स्मृती वेगळ्या असल्याने माहितीची ने-आण करावी लागते. मात्र कोणताही भाग पुढे बदलून क्षमता वाढविता येते. आरटीएक्स ४०९० (२०२२) ह्या कार्डाची क्षमता ८२ टेराफ्लॉपांवर आहे, परंतु त्या एका कार्डालाच ४५० वॉटपर्यंत वीज लागते. प्लेस्टेशन ५ हे संपूर्ण यंत्र खेळ चालू असताना साधारणपणे २०० वॉटच्या आसपास वीज घेते.

उष्णता व वीज : वापरलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते आणि ती पंख्याद्वारे खोलीतील हवेत सोडावी लागते. हवा आधीच तापलेली असल्यास हे कार्य अवघड होते. बीड जिल्ह्यात मे महिन्यात दुपारचे तापमान ४०° से.च्या वर जाते. प्लेस्टेशन ५ साठी उत्पादकाने सांगितलेली परिसर-तापमानाची मर्यादा मात्र ५° ते ३५° से. आहे. ग्राफिक्स कार्ड तापले की ते आपली कंप्रता आपोआप उतरविते. खेळ चालू राहतो, पण चित्रांची संख्या घटते. प्लेस्टेशन ५ मधील कंप्रता तापमानावर नव्हे, तर प्रक्रियकावरील कामाच्या भारावर ठरते. त्यामुळे थंड व उष्ण खोलीत खेळ सारखाच चालतो. उष्णता वाढल्यास पंख्याचा वेग वाढतो आणि तेवढ्याने न भागल्यास यंत्र सूचना देऊन बंद पडते. म्हणजे एकाच उन्हाळ्यात संगणक मंदावतो, तर कन्सोल थांबतो.

वीज खंडित होण्याचा धोका दोहोंना सारखाच असतो. संगणकाचा वीजपुरवठा-संच पूर्ण भारावर सु. १६ मिलिसेकंद तग धरील, अशी अपेक्षा असते. त्याहून सावकाश बदल करणाऱ्या घरगुती इन्व्हर्टरवर संगणक बंद पडू शकतो व न साठविलेला खेळ वाया जातो.

खेळांची निर्मिती : पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या संस्थेचा राजी : ॲन एन्शंट एपिक हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम निन्टेन्डो स्विच ह्या कन्सोलवर व त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संगणक आणि इतर कन्सोलांवर आला. स्विचमध्ये स्मृती केवळ ४ गिगाबाइट असते. परंतु प्रत्येक स्विचची घडण सारखी असल्याने निर्मात्यास आपला खेळ त्या मर्यादेत नेमका बसविता येतो. संगणकांच्या असंख्य जुळण्यांबाबत हे शक्य नसल्याने चित्राची प्रत निवडण्याचे काम खेळाडूवर सोपवावे लागते.

सारांश, ठरलेल्या किंमतीत निश्चित कार्यमान हा कन्सोलचा, तर वाढविता येणारी क्षमता व अभ्यास, लेखन आदी इतर कामांसाठी होणारा उपयोग हा संगणकाचा गुण होय. उष्ण व धुळीच्या प्रदेशात कोणत्याही यंत्राभोवती मोकळी जागा ठेवणे, झरोके वेळोवेळी स्वच्छ करणे आणि भर दुपारचा वापर टाळणे हिताचे असते. तसे न केल्यास मोठ्या क्षमतेचे यंत्रही आपले पूर्ण कार्यमान देऊ शकत नाही.