घरच्या सर्व्हरला रेड: कुठलं, कशासाठी आणि कधी नको

जुना डेस्कटॉप, आत दोन-चार हार्ड डिस्क, वर लिनक्स. लग्नाच्या कॅसेटवरून उतरवलेले व्हिडिओ, सातबाऱ्याचे स्कॅन, मोबाइलमधून ओसंडून वाहणारे फोटो, सगळं एका जागी. इथवर कुणाचं काही म्हणणं नसतं. ‘रेड कुठलं लावू?’ असं विचारलं की मात्र दहा जण दहा उत्तरं देतात. त्यातली निम्मी उत्तरं एकेकाळी बरोबर होती, ही खरी पंचाईत.

रेडची कल्पना १९८८ साली बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एका निबंधात मांडली. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी स्वस्तातल्या लहान डिस्कांचा ताफा वापरावा, असं त्यांचं म्हणणं होतं. पण डिस्क जितक्या जास्त, तितकी त्यातली एखादी बंद पडण्याची शक्यताही जास्त. त्यावर उपाय म्हणून जादा डिस्कवर नक्कल किंवा पॅरिटी (गेलेला माल पुन्हा काढता येईल असा हिशोब) ठेवायची, म्हणजे एक गेली तरी काम अडत नाही. रेडचं काम एवढंच आहे. त्याच्याकडून याहून जास्त अपेक्षा केली की गैरसमज सुरू होतात.

‘रेड आहे ना, मग बॅकअप कशाला?’

सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत महागात पडणारा समज. मिररमध्ये दोन डिस्कवर एकच माल असतो हे खरं, पण दोन्हींवर तो एकाच वेळी लिहिला जातो आणि एकाच वेळी पुसलाही जातो. ‘गणपती २०१९’ हा फोल्डर चुकून उडवला की तो दोन्हीकडून गेला. रॅन्समवेअरनं फाइली कुलूपबंद केल्या तर कुलूपबंद फाइलींच्या दोन चोख प्रती तयार. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकरनं आणि जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्टनं क्यूनॅपच्या नॅस पेट्यांना (नेटवर्कवर फाइली ठेवणाऱ्या) गाठलं, तेव्हा आतलं रेड मालकांच्या काहीच उपयोगाचं नव्हतं. एसएमपीएस जळाला, चोरी झाली, तळमजल्यात पाणी शिरलं, तर एका डब्यातल्या सगळ्या डिस्क बरोबरच जातात.

रेड वेळ मिळवून देतं. शुक्रवारी रात्री डिस्क गेली तरी सर्व्हर चालू राहतो आणि सोमवारी बाजारात जाऊन नवी आणता येते. बँकेला ही सोय हवीच. घराला मात्र दोन दिवस फोटो दिसले नाहीत तर काही बिघडत नाही. म्हणून दोनच डिस्कांपुरते पैसे असतील तर माझा सल्ला रेड न लावण्याचा असतो. एक डिस्क सर्व्हरमध्ये ठेवावी. दुसरी बाहेर ठेवून आठवड्यातून एकदा जोडावी, आरसिंक किंवा बोर्गनं प्रत घ्यावी आणि परत काढून ठेवावी, जमल्यास भावाच्या नाहीतर मावशीच्या घरी. तिसरी डिस्क आली की मग मिररचा विचार. हे ऐकून लोकांचा हिरमोड होतो, कारण रेड लावण्यात मजा आहे आणि बॅकअप घेण्यात नाही.

स्नॅपशॉट, म्हणजे फाइल सिस्टिमनं जपलेल्या जुन्या अवस्था, असतील तर उडवलेला फोल्डर परत मिळतो, हे मान्य. पण स्नॅपशॉटही त्याच डिस्कांवर राहतात.

‘खरं रेड म्हणजे कार्डाचं, सॉफ्टवेअरचं म्हणजे जुगाड’

पॅरिटी काढण्यात प्रोसेसरची दमछाक व्हायची तेव्हा हे म्हणणं रास्त होतं. आज लिनक्स सुरू होताना कर्नल पॅरिटीच्या वेगवेगळ्या पद्धतींची शर्यत लावतो आणि निकाल बूट लॉगमध्ये लिहून ठेवतो. साध्या डेस्कटॉपवरही तो आकडा सेकंदाला कित्येक गिगाबाइट निघतो. घरातलं गिगाबिट नेटवर्क मात्र सेकंदाला एकशे दहा-पंधरा मेगाबाइटच्या पुढे जात नाही, आणि तेवढं तर एकटी डिस्कही देते. त्यामुळे वेगासाठी कार्डही नको आणि रेड-० तर अजिबात नको. रेड-० मध्ये माल डिस्कांत नुसता वाटलेला असतो, म्हणून एक डिस्क गेली की सगळंच गेलं, आणि बदल्यात मिळालेला वेग केबलमध्ये अडकतो.

कार्डाचा मोठा तोटा ते मेल्यावर कळतो. त्याच घराण्यातलं कार्ड शोधत फिरावं लागतं, कारण डिस्कवरची मांडणी दुसऱ्याला वाचता येईलच असं नाही. लिनक्सच्या एमडीअ‍ॅडमनं केलेला संच दुसऱ्या कुठल्याही लिनक्स मशीनला जोडा, तो डिस्कवरच्या खुणा वाचून स्वतःला जुळवून घेतो. मदरबोर्डच्या बायोसमध्ये ‘रेड’ असं लिहिलेला पर्याय दिसतो, तोही बहुतेक वेळा सॉफ्टवेअरच, फक्त बोर्डाच्या कंपनीला बांधलेलं. तो बंदच ठेवावा.

‘रेड-५ कधीच मेलं’

याच्या मुळाशी एक गणित आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे. २००७ मध्ये रॉबिन हॅरिस यांनी झेडडीनेटवर लिहिलं की २००९ पर्यंत रेड-५, म्हणजे एका डिस्कइतकी पॅरिटी ठेवणारी मांडणी, चालेनाशी होईल. युक्तिवाद असा: साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की दहाच्या चौदाव्या घाताइतके बिट वाचताना एखादा सेक्टर वाचता न येण्याची चूक होऊ शकते. इतके बिट म्हणजे १२.५ टीबी. आता आठ टीबीच्या चार डिस्कांचं रेड-५ घ्या. एक गेली. नवी भरण्यासाठी उरलेल्या तीन डिस्क संपूर्ण, म्हणजे २४ टीबी, वाचाव्या लागतात. गणितानं एक-दोन चुका होणारच, आणि दुसरी प्रत तर उरलेली नाही.

प्रत्यक्षात मात्र घरोघरचे असे संच महिन्याच्या महिन्याला पूर्ण वाचले जातात आणि बहुतेकदा एकही चूक निघत नाही. माहितीपत्रकातला आकडा म्हणजे कंपनीनं सांगितलेली कमाल मर्यादा, ‘याहून जास्त नाही’ अशा अर्थाची. शिवाय चुका फासे टाकल्यासारख्या सगळीकडे समान विखुरत नाहीत. चांगली डिस्क वर्षानुवर्षं एकही चूक दाखवत नाही, बिघडू लागलेली एकदम डझनांनी दाखवते.

खरा धोका कुणी न उघडलेल्या कोपऱ्यातला आहे. २०१४ चे फोटो पाच वर्षांत कुणी पाहिले नाहीत, त्यांच्याखालचा सेक्टर कधीच खराब झाला, आणि ते उघड झालं नेमकं दुसरी डिस्क गेल्यावर. यावर उपाय म्हणजे स्क्रब: संच धडधाकट असताना सगळं एकदा वाचून पाहायचं, सापडलेली चूक तिथेच दुरुस्त करायची. डेबियन आणि उबुंटूत एमडीअ‍ॅडम हे काम महिन्याच्या पहिल्या रविवारी आपणहून करतं. त्या दिवशी डिस्कांची घरघर ऐकून कुणी ते बंद करून टाकू नये.

म्हणजे स्क्रब नियमित आणि बॅकअप हाताशी असेल तर तीन-चार डिस्कांचं रेड-५ अजूनही चालतं. चार डिस्क असतील तर मात्र मी दोन-दोनच्या जोड्या लावेन. रेड-६ मध्येही (दोन डिस्कांइतकी पॅरिटी) निम्मीच जागा मिळते आणि तिथे कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी निभावतं. जोड्यांमध्ये पहिली गेल्यावर उरलेल्या तिघींपैकी एक, म्हणजे तिची जोडीदारीण, गेली की संपलं. कागदावर रेड-६ सरस. पण जोडीत नवी डिस्क भरणं म्हणजे सरळ एकीवरून दुसरीवर नक्कल. आठ टीबी भरलेली असली तरी चौदा-पंधरा तासांचं काम. आणि घरचा सर्व्हर वाढतो तोही दोन-दोन डिस्कांनीच. जागा कमी पडली तर दोनच मोठ्या डिस्क घ्याव्या लागतात, चार नाही.

‘डिस्क काय, कुठलीही चालते’

इथे मात्र लोक नको तेवढे निर्धास्त असतात. काही डिस्कांत जागा वाढवण्यासाठी ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. याला एसएमआर म्हणतात. एका ट्रॅकवर लिहायचं तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. रोजच्या किरकोळ वापरात हे जाणवत नाही, पण नवी डिस्क भरताना तासन् तास सलग लिहावं लागतं तेव्हा ती गळपटते. एप्रिल २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलनं कबूल केलं की नॅससाठी विकल्या जाणाऱ्या ‘रेड’ (इंग्रजी Red, म्हणजे लाल) मालिकेतल्या दोन ते सहा टीबीच्या काही डिस्क एसएमआर होत्या. पुढे सीएमआर, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवलेल्या, डिस्कांसाठी कंपनीनं ‘रेड प्लस’ हे नाव वेगळं काढलं. विकत घेताना मॉडेल नंबर पाहून सीएमआर आहे याची खात्री करावी. दुकानदाराच्या ‘चालतंय की’ वर जाऊ नये.

दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. सेक्टर वाचता आला नाही की डेस्कटॉपची डिस्क हट्टानं प्रयत्न करत राहते, कधी मिनिट-दोन मिनिटं. लिनक्सचा कर्नल तीस सेकंद वाट पाहतो आणि मग डिस्कला धक्का देऊन जागं करू पाहतो. या झटापटीत एका खराब सेक्टरपायी चांगली डिस्क संचाबाहेर फेकली जाऊ शकते. नॅसची डिस्क साधारण सात सेकंदांत ‘जमत नाही’ म्हणून मोकळी होते आणि रेड दुसऱ्या प्रतीवरून काम भागवतं. स्मार्टसीटीएल वापरून ही सात सेकंदांची मर्यादा बऱ्याच डिस्कांना घालता येते. वीज गेली की अनेक डिस्क ती विसरतात, म्हणून सूचना बूटच्या वेळी चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ठेवावी. जी डिस्क ऐकतच नाही, तिच्यासाठी कर्नलचीच वाट पाहण्याची मुदत १८० सेकंदांपर्यंत वाढवावी.

यूएसबीला लटकवलेल्या डिस्कांचं रेड करू नये. केबल हलली तरी डिस्क ‘मेली’ असं संचाला वाटतं.

‘दोन प्रती आहेत, म्हणजे बिघडलेली आपोआप सुधारते’

डिस्क स्वतः ‘वाचता येत नाही’ म्हणाली तर हो. पण डिस्कनं निमूटपणे चुकीचे बिट दिले तर? एमडीअ‍ॅडमच्या मिररला दोन प्रती वेगळ्या आहेत एवढंच कळतं, तेही स्क्रबच्या वेळी. खरी कुठली, हे सांगायला त्याच्याकडे काही नसतं. दुरुस्ती करायला सांगितलीत तर एक प्रत दुसरीवर उमटवून तो मोकळा होतो, मग ती एक प्रत बिघडलेली का असेना.

झेडएफएस आणि बीटीआरएफएस या फाइल सिस्टिम प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (पडताळणीचा आकडा) ठेवतात. वाचताना तो जुळला नाही तर दुसरी प्रत घेतात आणि बिघडलेली दुरुस्त करतात. फोटो आणि कागदपत्रं ठेवायची असतील तर झेडएफएसचा दोन डिस्कांचा मिरर ही माझी पहिली पसंती. तो नकोसा वाटला तर बीटीआरएफएसचा मिरर. त्यात आठ, चार आणि चार टीबी अशा विजोड डिस्कही नांदतात आणि आठ टीबी वापरायला मिळतात. मात्र डिस्क तीन असल्या तरी प्रती दोनच असतात. आणि एक डिस्क गेली की ‘अपुऱ्या संचावर चालव’ असं स्पष्ट सांगितल्याशिवाय बीटीआरएफएस माउंट होत नाही. बूटची डिस्क तशी असेल तर ऐनवेळी तारांबळ उडते. बीटीआरएफएसच्या रेड-५ आणि ६ पासून लांब राहावं, असा इशारा त्याच्या स्वतःच्या दस्तऐवजांतच आहे. फक्त सिनेमे ठेवायचे असतील तर ठरावीक वेळी पॅरिटी काढणारं स्नॅपरेड पुरतं.

झेडएफएसबद्दल तीन अफवा आहेत. ‘टीबीमागे एक जीबी रॅम लागते’ हा ढोबळ ठोकताळा आहे, अट नाही; भरपूर रॅम खरी लागते ती डीडुप्लिकेशनला (सारखे ब्लॉक एकदाच साठवणं). ते मुळात बंदच असतं, बंदच राहू द्यावं. घरच्या मिररला आठ जीबी रॅम पुष्कळ होते. ‘ईसीसी (चूक सुधारणारी) रॅम नसेल तर झेडएफएस डेटा खातं’ हेही खरं नाही. ईसीसी असलेली चांगलीच, पण ती प्रत्येक फाइल सिस्टिमला तितकीच उपयोगी. झेडएफएसच्या जनकांपैकी एक मॅथ्यू आहरेन्स यांनीही हे स्पष्ट केलेलं आहे. ‘संच एकेका डिस्कनं वाढवता येत नाही’ हे रेड-झेडबाबत (झेडएफएसचं पॅरिटीचं रेड) अनेक वर्षं खरं होतं. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ओपनझेडएफएस २.३ पासून ते येतं.

‘एकदा लावलं की बघायला नको’

एमडीअ‍ॅडमच्या संचाची अवस्था एमडीस्टॅट नावाच्या फाइलमध्ये दिसते. मिरर ठीक असेल तर चौकोनी कंसात दोन यू असतात. एक डिस्क गेली की एका यूच्या जागी खाली आडवी रेघ येते. बस्स. फोटो उघडतात, सिनेमे चालतात, घरात कुणाला काही कळत नाही, आणि त्या रेघेसकट सर्व्हर आठ-आठ महिने चालू राहू शकतो. इशाऱ्याची ईमेल जाते, पण पत्ता बदलला नसेल तर ती सर्व्हरवरच्याच रूट खात्यात जाऊन पडते. ती कोण उघडणार? स्वतःचा पत्ता घालावा आणि चाचणीची मेल खरंच येते का ते पाहावं.

विजेचंही तसंच. पॅरिटीच्या रेडमध्ये लिहिता लिहिता वीज गेली तर माल आणि पॅरिटी यांचा मेळ तुटू शकतो. झेडएफएस जुन्यावर थेट लिहीत नसल्यामुळे यातून सुटतं. घरच्या इन्व्हर्टरवर सर्व्हर ठेवणार असाल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर हवं; साध्या मोडमध्ये बदल होईपर्यंत मशीन बंद पडू शकतं.

डेटा टाकण्याआधी एक रंगीत तालीम करावी. प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर ट्रेवर बाहेरून दिसेल असा चिकटवावा, कारण कर्नलनं दिलेली नावं बूटगणिक अदलाबदल होऊ शकतात आणि घाईत चांगली डिस्क उपसली जाते. मग मशीन बंद करून एक डिस्क काढावी आणि पुन्हा चालू करावं. मेल आली का, सर्व्हर उठला का, कुठल्या नंबरची डिस्क नाही हे त्यानं बरोबर सांगितलं का, ते तपासावं. ती डिस्क कोरी करून परत जोडावी आणि भरायला किती तास लागतात ते कागदावर टिपून डब्यावरच चिकटवून ठेवावं.