घरात आहे त्यातून: भिवापूर परिसरातील रोजच्या स्वयंपाकाची जुळवणी

मराठीत पाककृतींची पुस्तके छापली जाऊ लागली त्याला आता दीडशे वर्षे झाली आहेत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली प्रसिद्ध झाले, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली आले, आणि १९७० साली निघालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे प्रमाण घरोघरी पोचवले. अशा पुस्तकांत साधारणपणे आधी पदार्थाचे नाव येते, मग साहित्य आणि शेवटी कृती. रोजचा स्वयंपाक मात्र बहुधा उलट्या क्रमाने घडतो. घरात काय आहे हे आधी पाहिले जाते, त्यातले काय आज संपवायला हवे आणि काय उद्यासाठी राखायचे याचा मनाशी हिशेब होतो, आणि पदार्थ ठरतो तो त्यानंतर. कित्येकदा तर त्या पदार्थाला नावही नसते. या कौशल्याची नोंद पुस्तकांत फारशी झाली नाही, कारण त्याचे प्रमाण लिहिता येत नाही. तरीही त्याला निश्चित नियम आहेत, आणि नागपूर जिल्ह्याच्या आग्नेय टोकावरील भिवापूर तालुक्यात ते विशेष स्पष्टपणे पाहता येतात.

याचे कारण भिवापूरच्या भूगोलात आहे. नागपूरहून उमरेडमार्गे आलेला रस्ता भिवापूर ओलांडून पुढे गेला की नागभीड आणि पवनीकडचा धानपट्टा, म्हणजे भातशेतीचा प्रदेश, सुरू होतो. मागे पश्चिमेला काळ्या जमिनीतील कापूस, ज्वारी, तूर आणि अलीकडच्या काळातील सोयाबीन यांचा पट्टा राहतो. दोन धान्यप्रदेशांच्या या सीमेवर भात आणि भाकरी या दोन्हींना मुख्य अन्नाचा मान आहे, आणि त्यामुळे एकाच कालवणाला दोन्हींबरोबर खपावे लागते. भाताबरोबर ते पातळ हवे, भाकरीबरोबर दाट हवे. कालवण किती दाट करायचे हा भिवापूरकडच्या स्वयंपाकातला खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा हरभऱ्याच्या डाळीच्या पिठात, म्हणजे बेसनात, सापडते.

भाजी नसलेल्या दिवशी विदर्भातील घर प्रथम बेसनाच्या डब्याकडे वळते. फोडणीत कांदा, लसूण आणि तिखट परतून पाणी उकळले आणि त्यात पीठ पेरले की पिठले होते, ज्याला येथे बेसन किंवा चून म्हणतात; तेच पीठ पाण्यात न पेरता केवळ पाण्याचे हबके मारून शिजवले की झुणका होतो. पीठ शिजवून, ताटात थापून वड्या पाडल्या आणि वेगळा झणझणीत रस्सा केला की पाटवडी. घट्ट कालवलेले पीठ उकळत्या रश्शात थोडेथोडे सोडले की डुबुकवडे, ज्यांच्या बाबतीत एकच पथ्य पाळावे लागते, ते म्हणजे रस्सा खळखळत असला पाहिजे. उकळीच्या उष्णतेने पिठातील प्रथिने आणि स्टार्च बाहेरच्या बाजूने लगेच घट्ट होतात व वडा आकार धरतो, तर कोमट रश्शात तेच पीठ विरघळून जाते. हरभऱ्याच्या डाळीचा जाडसर भरडा तेल, हळद, तिखट आणि मीठ घालून मळला, त्याचे गोळे अर्धवट शिजलेल्या भातात पुरले आणि झाकण ठेवून वाफ आणली, की गोळाभात तयार होतो. वरून कडकडीत फोडणीचे तेल आणि जोडीला चिंचेचे पाणी किंवा कढी असली की वेगळी भाजी आणि वेगळे वरण दोन्हींची गरज उरत नाही. पालेभाजी थोडी आणि खाणारे जास्त असतील, तर पाण्यात कालवलेले बेसन तिला लावतात. या लावणीला आलन म्हणतात. मूठभर पाल्याची भाजी आलनामुळे चार-पाच पानांना पुरते, आणि तिच्यातील प्रथिनांचे प्रमाणही वाढते. एकाच पिठाची ही इतकी रूपे पाहिली म्हणजे लक्षात येते की येथे बदलते ते पाण्याचे प्रमाण आणि उष्णता देण्याची पद्धत. सामग्री जवळजवळ तीच राहते. हा या जुळवणीचा पहिला नियम.

दुसरा नियम आंबटपणाचा आहे. चिंच, ताक, अंबाडीचा पाला, कैरीच्या वाळवलेल्या फोडी आणि टोमॅटो ही सर्व या परिसरातील आंबट द्रव्ये एकमेकांच्या जागी वापरली जातात, परंतु ती केव्हा घालायची हे अनुभवानेच कळते. आम्लामुळे भाज्यांच्या आणि डाळींच्या पेशींना बांधून ठेवणारे पेक्टिन सहज सुटत नाही, त्यामुळे चिंच आधी घातली तर डाळ कितीही शिजवली तरी कणी राहते. म्हणून आंबट नेहमी डाळ मऊ झाल्यावर पडते. ताक तर त्याहूनही जपून घालावे लागते, कारण जोराच्या उकळीने ते फुटते, आणि कढीत बेसन कालवण्याचे एक कारण हेच आहे की पिठातील स्टार्च ताकातील प्रथिनांना गुठळ्या धरू देत नाही. अंबाडीची भाजी मात्र स्वतःच आंबट असल्याने तिला तोल देणारे काही तरी लागते. म्हणून तिच्यात तुरीची डाळ आणि ज्वारीच्या किंवा तांदळाच्या कण्या शिजवतात, वर लसणाची सढळ फोडणी देतात, आणि ज्या घरी जी कणी असेल ती चालते. धान भरडताना तुटलेली तांदळाची कणी बाजारात कमी दराने विकली जाते. अंबाडीच्या भाजीत तिला स्वतःचे स्थान आहे.

तिखटासाठी मात्र भिवापूरला कुठे शोधायला जावे लागत नाही. लालभडक रंग आणि तिखटपणा यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. एखाद्या उत्पादनाचे गुण विशिष्ट भूप्रदेशाशी निगडित असल्याची ही कायदेशीर मान्यता असते. वाळलेली मिरची पसरून तिचे देठ तोडण्याचे काम ज्या मोकळ्या आवारात चालते त्याला येथे सातरा म्हणतात, आणि हंगामात या सातऱ्यांवर काम करणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते. संकरित वाणांच्या आणि इतर पिकांच्या स्पर्धेत या मूळ वाणाखालील क्षेत्र घटले, ही खेदाची बाब आहे. मिरचीतील तिखटपणा देणारे कॅप्सायसिन आणि तिचा लाल रंग हे दोन्ही पाण्यात नव्हे तर तेलात विरघळतात, आणि घरात फक्त पीठ, पाणी व मीठ असतानाही एक पळीभर तिखट तेल संपूर्ण जेवणाला चव देते ते यामुळेच. गरम तेलातील तिखट काही क्षणांत जळून कडू होते, म्हणून ते घालताच लगेच पाणी किंवा रस्सा ओतण्याची पद्धत आहे. पूर्वी अनेक घरांत यासाठी जवसाचे तेल वापरले जात असे. आज जवस मुख्यतः चटणीपुरता उरला आहे, आणि भाजून कुटलेली जवसाची चटणी, तेल आणि भाकरी एवढ्यावरही एक वेळ निभावते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. मिरची मूळची अमेरिका खंडातील असून पोर्तुगीजांच्या व्यापारातून ती भारतात आली, आणि बटाटा व टोमॅटो यांचा उगमही तिकडचाच. ज्या स्वयंपाकाला आज अस्सल वैदर्भीय म्हटले जाते तोही, जे नवे हाताशी आले त्याला जुन्या पद्धतीत बसवून घेण्यातून घडलेला आहे; त्यामुळे एखाद्या घरी पाटवडीच्या रश्शात चिंचेऐवजी टोमॅटो पडला तर परंपरा मोडली असे मानण्याचे कारण नाही.

पावसाळ्याच्या आरंभी, जेव्हा विकतची भाजी महाग होते आणि मजुराच्या घरी रोख रक्कम सर्वांत कमी असते, नेमक्या त्याच काळात तरोटा या रानभाजीचा कोवळा पाला धुऱ्यांवर, म्हणजे शेतांच्या बांधांवर, आणि रस्त्याच्या कडेला फुकट उगवतो. तो कोवळा असतानाच खुडावा लागतो, कारण पुढे तो जून आणि उग्र होतो. कांदा, लसूण आणि भिजवलेली डाळ घालून त्याची परतलेली भाजी करतात. घराच्या परसात धोप्याची, म्हणजे अळूची, पाने असतील तर त्यांना बेसन लावून वड्या होतात, आणि पूर्वेकडच्या जंगलपट्ट्यात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, व पावसाळी अळिंबी यांची त्यात भर पडते. अळिंबीच्या बाबतीत जुळवणीला जागा नाही. विषारी आणि खाद्य जाती दिसायला सारख्या असू शकतात, म्हणून ज्याला ओळख आहे त्यानेच ती आणावी. तलावांच्या या प्रदेशात वाळवलेले झिंगेही घरात असतात, आणि दोन वांगी व मूठभर झिंगे एवढ्यावर मांसाहारी घरातील एक वेळ भागते.

उरलेल्या अन्नाचा वापर हा या कौशल्याचा आणखी एक मोठा भाग आहे. ताजा गरम भात फोडणीला टाकला तर त्याचा लगदा होतो, पण थंड झालेल्या भातातील स्टार्चचे रेणू पुन्हा घट्ट रचना धरतात आणि शीत मोकळे राहते, म्हणून फोडणीचा भात शिळ्या भाताचाच चांगला होतो. मात्र नागपूर परिसरात उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांपलीकडे जाते, आणि अशा हवेत उघड्यावर राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाचे जिवाणू वाढू शकतात. त्यांचे बीजाणू शिजवण्यातून टिकतात आणि त्यांनी तयार केलेले एक विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून उन्हाळ्यात उरलेला भात लवकर थंड करून शीतकपाटात ठेवणे, किंवा मुळात मोजकाच शिजवणे, हाच सुरक्षित मार्ग आहे. शिळी भाकरी कोरडी असल्याने तिला हा धोका कमी असतो. ती कुस्करून ताकात भिजवतात किंवा कांद्याबरोबर फोडणीला टाकतात. आणि उरलेलेही काही नसेल तेव्हा उकडपेंडी होते: गव्हाचे किंवा ज्वारीचे पीठ खमंग भाजून, फोडणीतला कांदा आणि ताक किंवा पाणी घालून वाफवलेला हा नाश्ता केवळ पिठाच्या डब्यावर उभा राहतो.

पोषणाच्या दृष्टीने या सर्व जुळवणीत एक शहाणपण आहे. तांदूळ, गहू आणि ज्वारी यांच्या प्रथिनांत लायसिन नावाचे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते व डाळींत ते भरपूर असते. उलट डाळींत कमी असलेली गंधकयुक्त अमिनो आम्ले धान्यांतून मिळतात, त्यामुळे चून-भाकर किंवा गोळाभात हे जेवण त्यातील प्रत्येक घटकापेक्षा अधिक सकस ठरते. पण हाताशी असलेले सर्वच निर्धोक असते असे नाही. धान कापणीला येण्यापूर्वी उभ्या पिकातच बी टाकून जमिनीच्या उरल्या ओलीवर घेतली जाणारी लाखोरी ही या पट्ट्यातील गरिबांची डाळ होती. तिच्यातील एका विषारी द्रव्यामुळे, दीर्घकाळ तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पाय लुळे पडतात, असे आढळल्याने १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. धोका तुटपुंज्या विविधतेचा होता. ज्या घरी लाखोरीखेरीज दुसरे काहीच नव्हते तेथे तो आजार जडला, आणि घरात चार प्रकारची धान्ये व डाळी असणे चवीपुरते महत्त्वाचे नाही हे त्यातून दिसते.

ऐनवेळची ही सोय प्रत्यक्षात महिनोन्‌महिने आधी केलेल्या श्रमावर अवलंबून असते. उन्हाळ्यात भिजवून वाटलेल्या मुगाच्या डाळीच्या वड्या, म्हणजे मुंगवड्या, घातल्या जातात, हरभऱ्याचा पाला आणि वांग्याच्या फोडी वाळवल्या जातात, वर्षाचे तिखट-हळद कुटून ठेवले जाते. पावसाळ्यातील ज्या संध्याकाळी अचानक पाहुणे येतात आणि अर्ध्या तासात मुंगवड्यांची भाजी पानात पडते, त्या अर्ध्या तासामागे उन्हात घालवलेले कितीतरी दिवस असतात. हे काम बहुतांशी स्त्रियांनी केले, त्याची मजुरी कोणी मोजली नाही, आणि ते सहज जमते असे समजणे हा त्यांच्यावरील अन्याय आहे.

गेल्या काही दशकांत हाताशी असणे या गोष्टीचाच अर्थ बदलत आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य गटातील व्यक्तीला दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते, व जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. यामुळे अनेक घरांतील उपासमारीची भीती हटली, ही मोठी उपलब्धी आहे, पण डब्यांत तांदूळ आणि गहू वाढले व ज्वारी मागे पडली. दुसरा बदल शेतातला आहे. ज्वारी, तूर, हरभरा, जवस आणि लाखोरी ही पिके शेतातून घरात येत आणि त्यांतला वाटा वर्षभर खाल्ला जाई; सोयाबीन अंगणात रास होऊन पडले तरी त्याची भाजी किंवा भाकरी होत नाही, ते पोत्यांत भरून बाजार समितीत जाते आणि घर दुकानातून तेलाची पिशवी व डाळ विकत आणते. डाळीचा भाव चढला की आलन पातळ होते, आणि आठवड्यातून तीनदा होणारे वरण एकदाच होते.

अजूनही काही शेतकरी कुटुंबे धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर तूर टोकतात आणि शेताच्या कडेने अंबाडी, चवळी, तीळ यांचे दोन-चार तास, म्हणजे ओळी, धरतात. हे बी बहुधा घरातील स्त्रियाच मडक्यात राखेबरोबर जपून ठेवतात आणि पेरणीच्या वेळी काढून देतात. या ओळींचे उत्पन्न कोणत्याही पीकपाहणीत ठळकपणे दिसत नाही, परंतु डिसेंबर-जानेवारीत हाती येणारी पायलीभर तूर आणि वाळवलेल्या अंबाडीची जुडी दुकानाच्या भावावर अवलंबून नसते. कृषी विभागाने सलग क्षेत्राबरोबर या कडेच्या पिकांचाही विचार करून त्यांच्या स्थानिक वाणांचे बियाणे तालुक्यातच उपलब्ध करून दिले, तर भिवापूरच्या घरांतील रिकामे होत चाललेले डबे पुन्हा भरण्याला त्याचा थेट उपयोग होईल.