कुत्र्याच्या मापाची गाडी

मांडीवर बसून दवाखान्यात जाणारं लॅब्रेडॉरचं पिल्लू वर्षभरात तीस किलोंचं होतं. मग गणपतीला गावी निघायचं म्हटलं की माणसं, बॅगा आणि तो, एवढ्यांची एका गाडीत दाटी होते आणि मोठ्या गाडीचा शोध सुरू होतो. शोरूममध्ये मात्र बोलणं होतं ते मायलेज, स्क्रीन आणि सनरूफचं. कुत्रा नेमका कुठे बसणार, हा प्रश्न गाडी घरी आल्यावर पडतो. तो आधी विचारायला हवा. प्रवासात कुत्र्याला तीन गोष्टी लागतात: एका जागी सुरक्षित राहता येणं, त्या जागेपर्यंत गार हवा पोहोचणं आणि न घसरता चढता-उतरता येणं. गाडी ऐसपैस आहे की नाही, हे या तीन गोष्टींवरून ठरवावं.

आधी कुत्रा मोजा

कुत्र्याला सरळ उभं करून नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी आणि जमिनीपासून डोक्यापर्यंतची उंची टेपने मोजा. लॅब्रेडॉरची खांद्यापर्यंतची उंची साधारण ५४ ते ५७ सेंमी, तर जर्मन शेफर्ड नराची ६० ते ६५ सेंमी भरते. डोकं त्याच्याही वर असतं. उभं राहता येईल, वळता येईल आणि पाय सोडून झोपता येईल, एवढा पिंजरा त्याला हवा. लॅब्रेडॉरला बहुतेक वेळा ४२ इंची पिंजरा लागतो. त्याचं माप साधारण १०७ × ७१ × ७६ सेंमी असतं. मध्यम बांध्याच्या देशी कुत्र्याला ३६ इंची पुरतो.

पिंजऱ्याच्या तळाच्या मापाचा एक पुठ्ठा कापा आणि गाडी बघायला जाताना सोबत न्या. मागची सीट पाडून तो डिकीत अंथरला की खरं चित्र दिसतं. चाकांवरचे उंचवटे दोन्ही बाजूंनी आत आलेले असतात. सीट पाडल्यावर कुठे पायरी राहते, कुठे फट पडते. पुठ्ठा सपाट बसला नाही, तर पिंजराही बसणार नाही. त्यानंतर मागच्या दाराच्या चौकटीची उंची मोजा. आत जागा आहे, पण दारातून पिंजरा शिरत नाही, असं बऱ्याचदा होतं.

डिकीचे लिटर

४२ इंची पिंजऱ्याच्या मापांचा गुणाकार केला तर सुमारे ५७७ लिटर येतात. मारुती अर्टिगाची तिसरी रांग पाडल्यावर डिकी ५५० लिटरची होते, रेनॉ ट्रायबरची तिसरी रांग काढल्यावर ६२५ लिटरची. वॅगनआरच्या डिकीत ३४१ लिटर मावतात. हे आकडे तुलनेसाठी ठीक आहेत, पण त्यांवर निर्णय घेऊ नका. लिटर बहुधा सीटच्या पाठीच्या उंचीपर्यंतच मोजतात. त्यावर छतापर्यंतची जागा कुत्र्याच्या डोक्याच्या कामाची असते, पण आकड्यात धरलेली नसते. उलट कोपऱ्यांतले आणि खाचांतले लिटर आकड्यात असतात, पण कुत्र्याच्या काही उपयोगाचे नसतात. सपाट तळ आणि उभी मागची काच असलेली गाडी कमी लिटरची असली तरी उतरत्या काचेच्या दिमाखदार एसयूव्हीपेक्षा सोयीची पडते.

मोकळा कुत्रा धोक्यात असतो

ताशी ५० किमी वेगाने जाणारी गाडी धडकून अर्ध्या मीटरच्या आत थांबली, तर आतल्या प्रत्येक गोष्टीवर तिच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर येतो. तीस किलोंचा कुत्रा त्या क्षणी सहाशे किलोंच्या जोराने पुढच्या सीटवर आदळतो. यात त्याचाच नव्हे, पुढे बसलेल्या माणसाचाही जीव जाऊ शकतो. पुढच्या सीटवर किंवा मांडीवर कुत्रा घेणं तर मुळीच नको. एअरबॅग उघडण्याचा वेग माणसाच्या बांध्याचा विचार करून ठरवलेला असतो, कुत्र्याच्या नव्हे.

म्हणून दोनच मार्ग उरतात. एक म्हणजे मजबूत पिंजरा. तो मागच्या सीटच्या पाठीला टेकवावा आणि पट्ट्यांनी गाडीच्या हुकांना आवळून बांधावा. त्यासाठी डिकीत लोखंडी कड्या हव्यात. पिशव्या अडकवायचे प्लॅस्टिकचे हुक कामाचे नाहीत. दुसरा मार्ग म्हणजे मागच्या सीटवर छातीचा रुंद हार्नेस आणि तो सीटबेल्टला जोडणारा आखूड पट्टा. गळ्यातल्या पट्ट्याला कधीही बांधू नका, धक्क्यात मानेला इजा होते. बाजारात मिळणारी झोळीसारखी सीटकव्हरं सीट स्वच्छ ठेवतात, पण धडकेत कुत्र्याला अडवत नाहीत.

तिसऱ्या रांगेच्या मागे अगदी दाराला खेटून कुत्रा बसवू नये. मागून कोणी धडकलं तर आधी चेपतो तो तोच भाग. सेदान गाडीची बंद डिकी हा तर पर्यायच नाही. सेदान असेल तर मागची सीट आणि हार्नेस एवढंच शक्य आहे.

मागची हवा

कुत्र्याचं सर्वसाधारण तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस असतं. त्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांत असतात आणि उष्णता बाहेर टाकायला त्याला धापाच टाकाव्या लागतात. पग, शित्झू, बॉक्सर, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तेही नीट जमत नाही. शरीराचं तापमान ४१ अंशांच्या वर गेलं की जिवाला धोका असतो.

पुढे बसलेल्यांना गारठा वाटतो तेव्हा डिकीत मे महिन्याचं ऊन मागच्या काचेतून थेट पिंजऱ्यावर पडत असतं. तेव्हा चाचणीच्या वेळी दुपारी गाडी घ्या, एसी लावा आणि पंधरा मिनिटांनी स्वतः मागे पिंजऱ्याच्या जागी हात नेऊन बघा. अर्टिगात मागे वेगळा झोत आहे; ट्रायबर आणि किया कॅरेन्समध्ये तिसऱ्या रांगेपर्यंत झोत पोहोचतो. मारुती ईकोत मागे वेगळा झोत नाही, शिवाय इंजिन पुढच्या सीटांखाली असल्याने खालूनही ऊब जाणवते. ईको घेणार असाल तर एसी असलेलीच घ्या आणि लांबचा प्रवास पहाटे करा.

उभ्या गाडीत कुत्रा सोडून जाऊ नये, पाच मिनिटांसाठीही नाही. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये केलेल्या अभ्यासात उन्हात उभ्या गाडीचं आतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढलं आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडला नाही.

चढणं-उतरणं

म्हातारा होत चाललेला लॅब्रेडॉर उंच गाडीपुढे कसा थबकतो ते एकदा नीट बघा. पुढचे पाय तो डिकीच्या कडेवर टेकवतो, नखं प्लॅस्टिकवर करकरतात, मागचे पाय थरथरतात, आणि तो मान वळवून आपल्याकडे बघतो. लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्ड यांच्यात खुब्याच्या सांध्याचा त्रास वारंवार आढळतो. अशा कुत्र्याने रोज उडी मारणं म्हणजे दुखणं वाढवणं.

डिकीच्या कडेची जमिनीपासूनची उंची मोजा. ६० सेंमी उंचीला दीड मीटरचा रॅम्प लावला तर चढ सुमारे २४ अंशांचा होतो. १८० सेंमीचा रॅम्प लावला तर १९ ते २० अंशांवर येतो आणि कुत्रा विश्वासाने चढतो. बोलेरोसारख्या उंच गाडीत लांब रॅम्प लागतो आणि तो ठेवायलाही जागा हवी. ईकोचं सरकतं दार अरुंद गल्लीत फार कामाचं. शेजारी गाडी उभी असली तरी कुत्रा बाजूने आत जातो.

कोणाला कोणती गाडी

एक छोटा किंवा मध्यम कुत्रा आणि तीन माणसं असतील तर वॅगनआरसारखी उंच छताची हॅचबॅक पुरते. मागची अर्धी सीट पाडून पिंजरा, अर्ध्या सीटवर एक माणूस.

एक मोठा कुत्रा आणि चार माणसं असतील तर अर्टिगा, कॅरेन्स किंवा ट्रायबर बघावी. ट्रायबर चार मीटरहून आखूड आहे आणि तिच्या तिसऱ्या रांगेच्या सीटा कंपनीनेच काढता-घालता येतील अशा केल्या आहेत. मात्र तिचं एक लिटरचं इंजिन ताम्हिणी किंवा आंबा घाटात पूर्ण भरलेल्या गाडीला दमवतं. अर्टिगा घाटात सुखाने चढते, पण तिच्या सीटा पाडाव्या लागतात, निघत नाहीत.

दोन मोठे कुत्रे असतील तर इनोव्हा. तिच्या क्रिस्टा आणि हायक्रॉस या दोन प्रकारांपैकी क्रिस्टाची तिसरी रांग दोन्ही बाजूंना उचलून बांधली जाते आणि रुंदी खाते. हायक्रॉसची रांग सपाट दुमडते. म्हणून जुनी क्रिस्टा घेताना पुठ्ठ्याचं माप अवश्य लावा.

भटक्या कुत्र्यांना नसबंदीला किंवा उपचाराला नेणारे कार्यकर्ते बहुधा ईको घेतात. किंमत कमी, तळ सपाट, धुवायला सोपी. तिची दुसरी बाजूही माहीत असावी: २०१६ च्या ग्लोबल एनकॅप धडक चाचणीत एअरबॅग नसलेल्या ईकोला प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले होते. तेव्हा जुनी घेताना एअरबॅग आहेत का ते तपासा आणि वेग आवरता ठेवा.

सीएनजी आणि काढलेल्या सीटा

सीएनजी गाडी स्वस्तात धावते, पण वॅगनआर आणि अर्टिगात टाकी डिकीतच असते, म्हणजे कुत्र्याची जागा तीच खाते. टाटाने पंच आणि अल्ट्रोझमध्ये दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाखाली बसवल्या आहेत. छोट्या कुत्र्यासाठी तो पर्याय विचारात घेण्याजोगा आहे.

गॅरेजवाल्याकडून सीटा कायमच्या काढून घेऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरील नोंदीशी विसंगत ठरेल असा बदल परवानगीविना करता येत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनी तेच बोट दाखवू शकते.

केस, चिखल, गोचीड

पावसाळ्यात भिजलेल्या कुत्र्याचं पाणी गाडीच्या गालिच्यात मुरलं की वास महिनाभर जात नाही. उंच कडा असलेला रबरी ट्रे डिकीत घाला. त्यावर जाड, न घसरणारी चटई हवी, नाहीतर घाटातल्या प्रत्येक वळणावर कुत्रा घसरतो, घाबरतो आणि ओकतो. निघण्यापूर्वी तीन-चार तास पोटभर खायला घालू नये. रेक्झिनचं कव्हर पुसायला सोपं असलं तरी उन्हात तापतं, त्यावर सुती चादर टाका. सीटांच्या शिवणीत आणि बेल्टच्या खाचांत गोचीड लपतात. प्रवासानंतर तिथे व्हॅक्यूम फिरवणं चुकवू नका.

कागद जवळ ठेवा

प्राण्यांना विनाकारण यातना होतील अशा रीतीने वाहून नेणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत कुत्र्या-मांजरांसाठी स्वतंत्र प्रकरण असून त्यात पशुवैद्यकाच्या आरोग्य प्रमाणपत्राची तरतूद आहे. राज्याबाहेर जाताना ते प्रमाणपत्र आणि रेबीजच्या लसीची नोंद असलेलं पुस्तक गाडीत ठेवावं.

खरेदीच्या दिवशी

शोरूमला जाताना टेप आणि पुठ्ठा न्या, आणि कुत्रा शांत असेल तर त्यालाही न्या. क्रम असा ठेवा: पुठ्ठा सपाट बसतो का, दारातून पिंजरा जातो का, बांधायला कड्या आहेत का, मागे गार हवा येते का, कड किती उंच आहे. या पाचांपैकी पहिल्या चारांत जी गाडी नापास होते ती कितीही आवडली तरी सोडून द्या; पाचव्या अडचणीवर रॅम्प आहे. रंग, स्क्रीन आणि सनरूफचा विचार यानंतर करा. कुत्रा दहा-बारा वर्षं आपल्यासोबत असतो आणि बहुतेक घरांत गाडीही जवळजवळ तितकीच टिकते. तिच्या खरेदीत त्याची सोय पहिल्यांदा बघणं हा त्याचा हक्क आहे.