पाठदुखी आणि हास्याची साथ

चावडीवर कोणी कंबरेला हात लावला, की प्रत्येकाजवळ एक तेल व एक वैद्य निघतोच! तथापि, तीन महिन्यांहून अधिक टिकणारी जुनाट पाठदुखी शरीराबरोबर मनालाही वाकविते.

या संदर्भात अमेरिकन संपादक नॉर्मन कझिन्स यांचे उदाहरण उद्‌बोधक आहे. १९६४ मध्ये त्यांना पाठीचा कणा आखडविणारा विकार जडल्याचे निदान झाले. डॉक्टरांच्या सहकार्याने ते विनोदी चित्रपट पाहू लागले. दहा मिनिटे खदखदून हसल्यावर दोन तास वेदनारहित झोप लागते, असा अनुभव त्यांनी १९७६ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात नोंदविला.

अर्थात, एका रुग्णाचा अनुभव म्हणजे सिद्ध उपचार नव्हे. हास्याने कणा सरळ होत नाही; भीती मात्र ओसरू शकते. दुखेल या भीतीने हालचाल टाळली, की स्नायू दुर्बळ होतात व दुखणे बळावते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये व्यायाम, रुग्णशिक्षण व मानसिक उपचारांवर भर दिला. कंबरपट्ट्याचा सरसकट वापर मात्र अनुचित ठरविला.

पाय लुळे पडणे किंवा लघवीवरील ताबा सुटणे, ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. तेथे विनोदाने विलंब होता कामा नये. एरवी औषध डॉक्टरांचे, व्यायाम स्वतःचा आणि हसू सर्वांचे, हेच सूत्र हितावह होय.