आठ दिवसांचें नाटक

भोर व वेल्हे हे पुणें जिल्ह्यांतील दोन डोंगराळ तालुके मराठ्यांच्या राज्याचें मूळस्थान होत. तोरणा व राजगड वेल्ह्यांत, रोहिडा व रायरेश्वर भोरांत. राजगड तर सुमारें पंचवीस वर्षें राजधानी होता. २०२४ सालीं राज्य मंत्रिमंडळानें वेल्हे तालुक्यास राजगड हेंच नांव देण्याचा निर्णय घेतला. या डोंगरांत जें घडलें त्याचें सर्वांत भव्य नाट्यरूप म्हणजे 'जाणता राजा'. १९८५ सालीं तें प्रथम लोकांपुढें आलें, त्याचे हजाराहून अधिक प्रयोग झाले. आणि तरीहि त्याला कायमचें नाट्यगृह मिळालें नाहीं. एखाद्या शहराच्या पटांगणावर तें उभें राही, कांहीं दिवस चाले आणि उठून जाई. असें कां व्हावें, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाहीं.

बाबासाहेब पुरंदरे यांनीं हें नाटक लिहिलें आणि बसविलें. शिवजन्मापासून राज्याभिषेकापर्यंतची कथा, मधून मधून पोवाडा, गोंधळ इत्यादि लोकगीतें व नृत्यें, मजल्यांचा फिरता रंगमंच, नटांचा मोठा ताफा आणि खरेखुरे हत्ती, घोडे, उंट, असा त्याचा थाट. एवढा संसार चार भिंतींत मावत नाहीं, म्हणून पटांगण आलें. आणि पटांगण आलें म्हणजे आवाजाची अडचण आली. बंद नाट्यगृहांत नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोंचतो. उघड्यावर, हजारों प्रेक्षकांपुढें, घोड्यावरून दौडत जाणाऱ्या स्वाराचा आवाज कसा पोंचावा? यावर योजना अशी कीं, संवाद व गाणीं आधींच ध्वनिमुद्रित करून ठेवावयाचीं आणि नटांनीं त्यांबरहुकूम केवळ अभिनय करावयाचा.

संगीत नाटकावर वाढलेल्या रसिकास ही गोष्ट खटकेल. बालगंधर्वांच्या पदाला 'वन्स मोअर' मिळाला कीं तें पद पुन्हां होई, आणि पुन्हां होतांना निराळें होई. येथें मुद्रित आवाज कोणासाठीं थांबत नाहीं. टाळ्यांना उत्तर मिळण्याची सोय नाहीं. हें उणें खरेंच आहे. पण याच उण्यांतून एक मोठा लाभ झाला. ज्याला बोलावयाचें नाहीं व गावयाचें नाहीं, अशा मावळ्याच्या भूमिकेस वर्षानुवर्षांची तालीम लागत नाहीं. त्यामुळें मुख्य मंडळी बरोबर आणून बाकीचे पुष्कळसे नट ज्या त्या गांवींच मिळवितां आले. दिवसभर कचेरींत खर्डेघाशी करणारा कारकून संध्याकाळीं ढालतलवार घेऊन उभा राहूं शकला, आणि त्याला पाहावयास त्याचें सारें बिऱ्हाड पटांगणावर आलें. आठ दिवसांच्या नाटकाचें खरें भांडवल तें हेंच.

आतां हेंच नाटक एका जागीं कायमचें ठेवलें असतें तर? थीम पार्क म्हणून जीं मनोरंजनाचीं उद्यानें जगांत निघालीं आहेत, त्यांचा अनुभव येथें उपयोगी पडतो. अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील डिस्नेच्या उद्यानांत सुमारें दोन हजार आसनांचें हायपेरियन नांवाचें नाट्यगृह आहे. तेथें २०२३ सालीं 'रॉजर्स : द म्युझिकल' हें अर्ध्या तासाचें संगीत नाटक ३० जून रोजीं सुरू झालें आणि ३१ ऑगस्टला संपलें. तें पडलें असें नव्हे. त्याचें आयुष्यच तेवढें ठरविलेलें होतें. उद्यानांतील प्रेक्षक नाटकाचें तिकीट काढीत नाहीं, फाटकाचें काढतो. एकदां आंत आल्यावर तो नाट्यगृहांत बसला काय आणि पाळण्यांत बसला काय, उत्पन्न तेंच. पाळण्यास दोन-चार चालक पुरतात. नाटकास नट, नर्तक, दिवेवाले, कपडेपटवाले असा सारा गोतावळा रोज पगारावर ठेवावा लागतो. म्हणून नवलाई आहे तोंवर नाटक, ती ओसरली कीं त्या जागीं दुसरें कांहीं.

पुण्याजवळ आंबेगांव येथील शिवसृष्टि ही पुरंदऱ्यांचीच कल्पना. १५ नोव्हेंबर २०२१ रोजीं ते वारले; उद्यानाचा पहिला टप्पा १९ फेब्रुवारी २०२३ रोजीं, शिवजयंतीस, खुला झाला. तेथें इतिहास सांगण्याचें काम मुख्यतः प्रकाश, चित्र आणि मुद्रित आवाज यांकडे आहे. वरील हिशेब ध्यानांत घेतल्यास यांत नवल नाहीं. यंत्र दररोज तेंच सांगतें आणि थकत नाहीं. मात्र पटांगणावर आपल्याच आळींतला मुलगा मावळा होऊन धांवत येतांना पाहून जो हर्ष होतो, तो यंत्राच्या हातचा नव्हे.

मग खुद्द गडांच्या पायथ्याशींच असें नाटक कायमचें असावें, अशी इच्छा कोणास झाली तर ती समजण्यासारखी आहे. व्यवहारांत ती टिकणें कठीण. वेल्ह्याकडे पावसाळ्याचे चार महिने उघड्यावर रंगमंच उभा ठेवणें शक्य नाहीं. पुढें हिंवाळ्यांत रविवारीं गडावर रीघ लागते खरी, पण मंगळवारच्या प्रयोगास प्रेक्षक कोठून आणावयाचे? त्यापेक्षां जत्रेचा जुना हिशेब बरा: आठ दिवस कनात लागावी, गांवानें हातभार लावावा आणि मग रान मोकळें व्हावें. भाताची कापणी व झोडणी उरकली कीं नसरापुराहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचीं खाचरें रिकामीं पडतात. त्याच सुमारास गांवच्या तरुण मंडळींचेहि हात थोडे मोकळे होतात, आणि मावळ्यांच्या भूमिकेस मावळांतलींच माणसें मिळूं शकतात.